पंधरा तोळ्यांचं तिकीट

आमच्या घरात विमानप्रवासाबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही विमान कंपन्यांच्या पगारावर पोसलेली आहेत. एक माझ्या दादाचं. तो १९६९ साली एअर इंडियात ट्रॅफिक असिस्टंट म्हणून लागला; आधी सांताक्रूझ, मग सहार असं करत काउंटरमागेच निवृत्त झाला. दुसरं माझ्या लेकीचं. ती एका स्वस्त विमान कंपनीत रेव्हेन्यू मॅनेजमेंटमध्ये आहे. म्हणजे आपण तिकीट काढायला बसलो की चहा पिऊन येईपर्यंत जो भाव वाढलेला असतो, तो वाढवणाऱ्यांच्या टोळीत. मामा-भाचीचं दिवाळीत जुंपतं, गणपतीत जुंपतं, मध्ये कुणाचं बारसं निघालं तर तिथंही जुंपतं. ह्या खेपेला मी वही घेऊन बसले. खाली आहे ते बरंचसं त्यांच्याच शब्दांत आहे. दोन नातेवाइकांचे उल्लेख तेवढे गाळलेत.

ठिणगी पडली ती फोनवर आलेल्या एका जुन्या फोटोवरून. विमानातली मधली वाट, पांढरा टेबलक्लॉथ घातलेली गाडी, भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा कापून वाढणारा परिचारक, आणि सूटबूट घातलेले, खिडकीबाहेर बघायचीही गरज नसलेले प्रवासी.

मामा: बघ. ह्याला म्हणतात प्रवास. आता तुमच्याकडे पाण्याची बाटलीसुद्धा विकत.

भाची: मामा, जाहिरातीचा फोटो आहे हा. ह्यातली माणसं मॉडेल असतात. असं विमान पुष्कळदा हँगरमध्येच उभं असायचं.

मामा: माणसं मॉडेल असतील. जेवण खरं होतं. मी बोइंग ७०७ चं लोडिंग डोळ्यांनी पाहिलंय. आणि फर्स्ट क्लासचं सोड, तुला सँडविचची गोष्ट माहिती आहे का? १९५८ साल. अटलांटिकवर इकॉनॉमी क्लास नुकताच सुरू झालेला. आयाटानं, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं, नियम घातला, की ह्या वर्गाला सँडविच द्यायचं, तेही साधं, थंड आणि स्वस्तातलं. स्कँडिनेव्हियाच्या एसएएसनं काय करावं? पावाचा एक तुकडा खाली ठेवला आणि वर सगळा थाट रचला. आमच्या देशात सँडविच असंच उघडं असतं, म्हणाले. पॅन ॲमनं तक्रार केली. एसएएसला वीस हजार डॉलर दंड! गिऱ्हाइकाला चांगलं खायला घातलं म्हणून दंड! आज ऐकलंयस कुठं?

भाची: हीच गोष्ट मी ऑफिसात नव्या मुलांना सांगते, फक्त दुसऱ्या टोकाकडून. सँडविचवरून भांडत होते, कारण भाड्यावरून भांडायची त्यांना परवानगी नव्हती. मुंबई-लंडनचं भाडं किती असावं हे सगळ्या कंपन्या आयाटाच्या बैठकीत बसून ठरवायच्या, त्यावर त्या त्या सरकारचा शिक्का बसायचा, आणि मग कुणी एक रुपया कमी करायचा नाही. मग गिऱ्हाईक ओढायचं कशावर? जेवण, साड्या, महाराजा, झरोक्यांची नक्षी. तुझा सुवर्णकाळ म्हणजे सरकारी शिक्क्याची मक्तेदारी होती. स्पर्धा पैशात करता येत नाही म्हणून कंपन्या ती ताटात करत होत्या.

मामा: मग वाईट काय झालं? ताटात तरी येत होतं ना? आता स्पर्धा पैशात आहे, आणि ताटात काय येतं, तर कपातले नूडल्स.

भाची: ताट कुणापुढे येत होतं ते बोल. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. पस्तीस प्रवासी. एका बाजूचं भाडं सतराशे वीस रुपये. त्या वर्षी सोन्याचा भाव काढून बघ. पंधरा तोळे तरी झाले. पंधरा तोळे सोनं म्हणजे तेव्हा एका मुलीचं लग्न दागिन्यांसकट. आज तेवढं सोनं मोडलंस तर आपण चौघं बिझनेस क्लासनं लंडनला जाऊन येऊ, सपाट पलंगावर झोपून, आणि मोड उरेल ती वेगळी. तुझा सुवर्णकाळ कुठं गेलेला नाही, मामा. तो विमानाच्या पुढच्या बाजूला पडद्यामागे आहे. तेवढेच पैसे टाकले की आजही मिळतो, उलट जास्त चांगला मिळतो. 'मलबार प्रिन्सेस'ला वाटेत दोनदा उतरावं लागायचं. आता नऊ-दहा तासांत थेट.

हा सोन्याचा हिशेब माझ्या लेकीनं पहिल्यांदाच मांडला होता आणि तो दादाला लागला. तो उठून पाणी प्यायला गेला. मी मध्ये बोलायची नाही असं ठरवलं होतं, पण एक गोष्ट वाचकांना सांगायला हवी. आमच्या घरातून त्या काळात परदेशी गेली ती एकटी आमची आई, नऊवारीत, लंडनला. दादाच्या पासवर. स्टाफ पासवर जागा असली तर चढायचं. दोन रात्री विमानतळावरून परत आली, तिसऱ्या दिवशी चढली. उरलेलं आयुष्य ती त्या विमानातल्या गरम, सुगंधी ओल्या रुमालाबद्दल बोलत राहिली. लंडनबद्दल फारसं नाही.

भाची: आणि राग मानू नकोस, पण आपल्या घरात त्या काळातलं एकही तिकीट कुणी विकत घेतलेलं नाही. ज्या ज्या लोकांना ते दिवस सोन्याचे वाटतात, त्यांतले निम्मे फुकट गेलेले आहेत आणि निम्मे गेलेलेच नाहीत. त्यांनी केम्प्स कॉर्नरचं एअर इंडियाचं होर्डिंग पाहिलं, विमानतळाच्या गॅलरीत उभं राहून हार घातलेल्या चुलतभावाला हात हलवला. आठवण आहे ती हात हलवण्याची.

मामा: अगं, हात हलवण्यात काही नव्हतं असं तुला वाटतं? सांताक्रूझला एक मुलगा अमेरिकेला निघाला की टेम्पो भरून माणसं यायची. खिशात किती, तर आठ डॉलर. रिझर्व्ह बँक तेवढेच द्यायची. वर परवानगीचा पी-फॉर्म. पण ती गर्दी पाहून कळायचं, की माणूस कुठं तरी निघालाय. आता लोक विमानतळावरून व्हिडिओ कॉल करतात, 'पोचलो, जिन्यावर आहे.'

भाची: आठ डॉलरची आठवण तूच काढलीस म्हणून बरं झालं. विमानात कॅव्हिअर, खिशात आठ डॉलर.

दादा गप्प झाला आणि मग त्यानं विषय नागपूरला नेला. मला वाटलं तो पळ काढतोय. आम्ही मूळचे नागपूरचे, बाबा डाकखात्यात. तो नागपूर काढतो तेव्हा सहसा संत्र्यांवर जातो. पण ह्या वेळी त्याच्या हातात काही तरी होतं.

मामा: श्रीमंतांचा काळ, श्रीमंतांचा काळ म्हणतेस. रात्रीच्या टपालाबद्दल तुला काय माहिती आहे? १९४९ पासून रोज रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंनी एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चारही नागपूरला उतरायची. सोनेगाव. डाकोटा. दिल्लीच्या पिशव्या मद्रासच्या विमानात, कलकत्त्याच्या मुंबईच्या विमानात, आणि उजाडायच्या आत चारही परत. तुझे आजोबा त्या पिशव्यांच्या ड्युटीला असायचे. प्रवासीसुद्धा असायचे, ते तिथं उतरून जेवायचे, विमान बदलायचे. आणि पिशवीत काय, तर लोकांची साधी पत्रं. त्याच वर्षी सरकारनं ठरवलं होतं, की देशातलं साधं पत्र विमानानं न्यायला जादा तिकीट लावायचं नाही. परळच्या गिरणीतल्या माणसानं बंगालमधल्या भावाला लिहिलेलं पत्र विमानानं जात होतं. त्याच्याकडून एक पैसा जास्त न घेता.

माझी लेक ह्यावर लगेच काही बोलली नाही. तिला ही माहिती नवी होती. आजोबांची रात्रपाळी तिला ठाऊक होती, पण ती रेल्वे स्टेशनावरची असावी असं तिनं धरलं होतं.

भाची: हे भारी आहे. खरंच. हब अँड स्पोक! फेडेक्सनं मेंफिसला रात्री विमानं गोळा करायला सुरुवात केली १९७३ साली. आपण चोवीस वर्षं आधी नागपूरला तेच करत होतो?

मामा: तेच. फक्त आपण त्याचं पुस्तक लिहिलं नाही.

भाची: पण बघ ना, ह्यातून काय निघतं. गिरणीतल्या माणसाचं पत्र उडत होतं. माणूस नव्हता उडत. त्याचा नातू आता उडतो. २०२४ मध्ये आपल्या देशात देशांतर्गत विमानांनी सोळा कोटींहून जास्त प्रवास झाले. त्यात तो आहे. पायात चप्पल, हातात खोका, खिडकीला नाक लावून. तुझ्या त्या फोटोतल्या लोकांना खिडकीत बघायची गरज नव्हती, म्हणालास ना मघाशी?

(ते मी म्हटलं होतं, दादानं नव्हे, पण चालू दे म्हटलं.)

मामा: तो नातू उडतो, मान्य. कसा उडतो ते विचार. तिकिटाचं सांगतो. माझ्या काउंटरवर यायचं ते तिकीट म्हणजे छोटी वही असायची. लाल कार्बनची पानं, एकेक टप्प्याचं एकेक कूपन. त्यावर भाडं छापलेलं. मुंबई-न्यूयॉर्कचं पूर्ण भाडं भरलं की मैलांची एक मर्यादा ठरलेली असायची. त्या मर्यादेत बसवून माणूस रोमला उतरला, पॅरिसला चार दिवस राहिला, लंडनला मावशीकडं गेला, तरी जादा पैसे नाहीत. वर्षभर चालायचं. आणि आमचं विमान बिघडलं तर मी त्याच तिकिटावर एन्डॉर्समेंट मारून प्रवाशाला स्विसएअरकडं पाठवायचो, लुफ्तान्साकडं पाठवायचो. ते घ्यायचे. त्यांचे आमच्याकडं यायचे. कुणी कुणाला 'आमची जबाबदारी नाही' म्हणायचं नाही. ते तिकीट प्रवाशाचं होतं, कंपनीचं नव्हतं. तुझ्या कंपनीचं विमान रद्द झालं तर?

भाची: पैसे परत. नाही तर आमचंच पुढचं विमान.

मामा: आणि पुढचं विमान दुसऱ्या दिवशी असलं, शेजारच्या कंपनीचं तासाभरात सुटत असलं, तर?

भाची: ... आमचा त्यांच्याशी करार नाही.

मामा: बस. मला जेवणाचं काही नाही. डबा नेता येतो. पण अडकलेल्या माणसाला पुढं कसं न्यायचं हे जगभरच्या कंपन्यांनी मिळून बसवलेलं होतं, ते तुम्ही भाडं कमी करायच्या नादात मोडून टाकलंत. तेही आयाटाच्याच बैठकीत बसवलेलं होतं, ज्या बैठकीला तू मक्तेदारी म्हणतेस.

माझ्या मते हा दादाचा सगळ्यात भारी मुद्दा होता, आणि गंमत म्हणजे जुन्या विमानप्रवासाच्या हळव्या आठवणींत तो कुठंच सापडत नाही. लोक साड्यांवर लिहितात, चांदीच्या चमच्यांवर लिहितात. कूपनांच्या वहीवर कोण लिहिणार? लेकीनंही तो उडवून लावला नाही. ती म्हणाली की असे करार मोठ्या कंपन्यांत अजून आहेत, पण ते ठेवायला खर्च येतो, दुसऱ्याशी हिशेब जुळवणारी यंत्रणा लागते, आणि तो खर्च शेवटी प्रत्येकाच्या तिकिटात शिरतो. ज्याचं विमान वेळेवर सुटलं त्यानंही तो भरायचा. विमाच एक प्रकारचा. आम्ही विमा वेगळा केला, म्हणाली. ज्याला हवा त्यानं घ्यावा. दादानं विचारलं, चप्पल घातलेला नातू तो घेतो का. ती म्हणाली, नाही घेत.

मग ती उखडली. उखडली की ती तारखा काढते.

भाची: ठीक आहे, आता माझी पाळी. १९५० च्या नोव्हेंबरात तेच 'मलबार प्रिन्सेस' मों ब्लांवर आदळलं, अठ्ठेचाळीस माणसं गेली. १९६६ च्या जानेवारीत 'कांचनगंगा' त्याच डोंगरावर, एकशे सतरा. होमी भाभा त्यातच. मध्ये १९६२ चा पावसाळा, आपल्या जुन्नरजवळच्या डोंगरावर इटलीचं विमान, सिडनीहून रोमला निघालेलं, चौऱ्याण्णव माणसं. १९७२ मध्ये तर जपानचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या धावपट्टीवर उतरलं! कुणी दगावलं नाही हे नशीब. आणि त्यानंतर...

ती तिथं थांबली. पुढची तारीख १ जानेवारी १९७८ ची आहे. 'एम्परर अशोक', कंपनीचं पहिलं जंबो, रात्री दुबईसाठी उडालं आणि काही क्षणांत वांद्र्यासमोर समुद्रात गेलं. दोनशे तेरा. दादा त्या क्रूमधल्या लोकांना नावानं ओळखत होता. त्यानंच पुढं बोलायला सुरुवात केली.

मामा: म्हण ना. कॅप्टनसमोरचं एक उपकरण चुकीचं दाखवत होतं. बाहेर अंधार आणि समुद्र, क्षितिज दिसत नाही. मला अहवाल माहिती आहे. तू म्हणतेस ते बरोबर आहे. आज विमान जास्त सुरक्षित आहे, ह्यात वाद घालणारा मूर्ख. पण ते काय स्वस्त भाड्यानं झालं? ते झालं अपघातांचे अहवाल वाचून, त्यांतून धडे घेऊन, डोंगर जवळ आला की ओरडणारी यंत्रं बसवून. त्या माणसांच्या जिवावर झालं.

भाची: हो. म्हणूनच म्हणते, परत जायचं नाव काढू नकोस.

मामा: परत जायचं कोण म्हणतंय?

भाची: मग रोज काय म्हणतोस?

ह्या प्रश्नाला त्याच्याकडं उत्तर नव्हतं, किंवा होतं पण ते तेव्हा सापडलं नाही. तेवढ्यात लेकीनं तिचं आवडतं प्रकरण काढलं. हे ती दर वेळी काढते आणि दर वेळी मी तिच्या बाजूनं होते, तेव्हा इथं माझा तटस्थपणा संपतो.

भाची: फोटोतली ती हसणारी एअर होस्टेस. तिला पस्तिसाव्या वर्षी घरी बसावं लागायचं. नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं तर तेव्हाच. पहिल्यांदा दिवस गेले तर तेव्हाच. ह्यांतलं जे आधी होईल ते. शेजारी तीच ट्रॉली ढकलणारा पर्सर अठ्ठावन्नपर्यंत. हे कंपनीच्या नियमांत छापलेलं होतं, मामा, तुझ्या त्या देखण्या कंपनीच्या. नर्गेश मिर्झा आणि बाकीच्या बायकांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. निकाल लागला १९८१ मध्ये. गरोदरपणाची अट न्यायालयानं काढून टाकली. चार वर्षांत लग्नाची अट ठेवली! १९८१ साली!

मामा: आम्हाला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगतो.

भाची: तेच तर.

मामा: आणि आता? तुमच्याकडच्या मुली पंचविशीत लागतात, कंत्राटावर, आणि कंत्राट संपलं की गेल्या. पस्तिशीपर्यंत तरी किती पोचतात? नियम छापलेला नाही एवढाच फरक.

मी दोघांकडं पाहिलं. हा टोला बसला होता. लेकीनं फक्त एवढंच म्हटलं, की छापलेला नियम कोर्टात नेता येतो, हे खरं. मग ती दुसऱ्या खोलीतून लॅपटॉप घेऊन आली, आणि दादा स्वतःशी बोलावं तसा बोलू लागला. ह्यात भाचीला उद्देशून थोडं होतं, मला उद्देशून थोडं.

मामा: तुम्ही सगळे एअर इंडियाच्या जाहिरातीतल्या महाराजाचं कौतुक करता. बॉबी कूका आणि उमेश रावांनी १९४६ मध्ये तो काढला. कंपनीनं हुसेन, गायतोंडे ह्यांची चित्रं घेतली, ते कुणाला माहीत नव्हते तेव्हा. साल्वादोर दालीकडून राखपात्र करून घेतलं आणि मोबदल्यात त्याला हत्तीचं पिल्लू पाठवलं. सगळं खरं. जेआरडी टाटा विमानातून उतरले की चिठ्ठ्या पाठवायचे, चहाचा रंग कॉफीसारखा का दिसतो म्हणून. पण मला विचारशील तर माझ्या नोकरीतले चांगले दिवस ते नव्हेत. माझे चांगले दिवस १९९० चे. सद्दामनं कुवेत घेतलं ना, तेव्हा. तिथं अडकलेल्या आपल्या लोकांना घेऊन अम्मानहून विमानं यायला लागली. ऑगस्ट ते ऑक्टोबर, जवळजवळ पाचशे उड्डाणं, एक लाख सत्तर हजारांवर माणसं. तिकीट नाही, पासपोर्ट नाही, काहींच्या पायात एकच चप्पल. सहारला रात्रंदिवस उतरत होती. कॅव्हिअर कुठलं, पाव-भाजी आणि पाणी. कंपनीला 'जा, घेऊन या' म्हणणारं कुणी तरी होतं आणि जाणारी विमानं होती. तुझी कंपनी गेली असती?

भाची: सरकारनं पैसे दिले तर गेली असती. अशा वेळी खासगी कंपन्याही जातात.

मामा: पैसे दिले तर.

भाची: मामा, पैसे कुणी तरी दिलेच होते. पुढं वर्षानुवर्षं दिले. २०२२ मध्ये कंपनी टाटांकडं परत गेली तेव्हा डोक्यावर एकसष्ट हजार कोटींवर कर्ज होतं. टाटांनी त्यांतले पंधरा हजार तीनशे कोटी उचलले, बाकीचं सरकारवर. म्हणजे ज्या माणसानं जन्मात विमान जवळून पाहिलं नाही त्यानं ते फेडायचं. गरम रुमालाचं बिल.

मामा: रुमालानं नाही बुडाली कंपनी. एका दमात शंभरावर विमानांची ऑर्डर आणि २००७ चं इंडियन एअरलाइन्सबरोबरचं विलीनीकरण, त्यानं बुडाली. रुमालाला नाव ठेवू नकोस, आईचा होता तो.

इथं तिघंही हसलो, आणि खरं तर वाद इथं संपायला हवा होता. पण दादा कात्रणं जपणारा माणूस आहे.

मामा: आणि तुझ्या त्या चप्पलवाल्या नातवाचं. सरकारच्या 'उडान' योजनेचं मी वाचलंय. तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला अडीच हजार. नांदेड, जळगाव, कोल्हापूर. छान. कॅगचा २०२३ चा अहवाल बघ: पहिल्या टप्प्यांत सातशे चौऱ्याहत्तर मार्ग वाटले, त्यांतले तीनशे एकाहत्तरच सुरू झाले, आणि तीन वर्षं पुरी केली फक्त एकशे बारा मार्गांनी. अनुदान संपलं की विमान गेलं. म्हणजे तुमच्या बाजारानं स्वस्त झालं ते मुंबई-दिल्ली. जळगावला अजून सरकारच लागतं. तुझे आजोबा ज्या पिशव्या भरत होते त्यालाही सरकारच लागलं होतं.

भाची: हे मान्य. जळगावला बाजार एकटा पुरत नाही. पण पुणे-नागपूर, पुणे-कोची, नागपूर-बंगळूर, ही विमानं कुठल्या अनुदानावर नाहीत उडत. कशी उडतात ते ऐक. तुमच्या इंडियन एअरलाइन्सनं १९८९ मध्ये ए-३२० आणलं, त्यात दोन वर्ग करून दीडशेच्या आसपास खुर्च्या. आम्ही त्याच नळीत एकशे शहाऐंशी बसवतो. तेवढंच विमान, तेवढेच पायलट, खुर्च्या पस्तीस जास्त. गुडघे समोर टेकतात, टेकतात. खाली उतरलेलं विमान अर्ध्या तासात परत वर. गरम जेवण नाही म्हणून मागचं स्वयंपाकघर लहान, साफसफाई कमी, वेळ वाचतो. ह्या सगळ्याचे पैसे करून ते भाड्यातून वजा. आईला विचार, ती पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं कधी बसली.

मला विचारलं म्हणून सांगते. निवृत्त व्हायच्या जरा आधी, मुंबईहून नागपूरला, अशाच एका स्वस्त विमानानं. पाणी विकत घेतलं. खिडकीची जागा मिळाली नाही. गुडघे टेकत होते. विदर्भ एक्स्प्रेसला जी रात्र जायची तिथं दीड तास गेला, आणि उतरल्यावर मला कुणाचीही ओळख, पास, शिफारस आठवावी लागली नाही. आईचा रुमाल मला कधी मिळाला नाही, त्याचं दुःख मी मनापासून करू शकत नाही. पण हेही सांगते, की पुढं एकदा धुक्यात दिल्लीला रात्रभर जमिनीवर बसून काढली, काउंटरवरच्या पोरीच्या हातात काहीही नव्हतं आणि ती रडकुंडीला आली होती, तेव्हा मला दादाचं ते एन्डॉर्समेंट आठवलं. त्याच्या हातात एक शिक्का होता. तिच्या हातात स्क्रीन होता, आणि त्यावर तिला काही बदलता येत नव्हतं.

लेकीनं लॅपटॉप उघडला होता तो ह्यासाठी, की दादाला नागपूरला जायचं होतं, डाकखात्यातल्या जुन्या शेजाऱ्यांच्या घरचं लग्न. तिकीट तीच काढत होती.

भाची: खिडकी हवी की वाटेकडची?

मामा: वाटेकडची. पाय.

भाची: त्याचे वेगळे साडेतीनशे.

मामा: पायाचे?

भाची: पायाचे. शिवाय सामान पंधरा किलो.

मामा: वीस असायचं. बरं, मला एक सांग. मी जे भाडं भरतोय ते माझ्या शेजारच्यानंही भरलंय का?

भाची: नाही. एका रांगेत सहा जण आणि बहुतेक सहा भाव. स्वस्तातल्या थोड्या जागा आधी विकायच्या, त्या संपल्या की वरचा भाव उघडायचा. लग्नाचा हंगाम, शनिवार, दुसऱ्या कंपनीनं काय लावलंय, सगळं बघून.

मामा: आणि शेजारच्यानं किती दिले ते तू सांगू शकत नाहीस. गुपित आहे.

भाची: गुपित नाही. त्याला ते तिकिटावर दिसतं, तुला तुझं दिसतं. एकमेकांना विचारायचं.

मामा: विचारीन. उतरेपर्यंत दीड तास आहे, उरलेल्या पाचही जणांना विचारीन, आणि सगळ्यात जास्त कुणी दिले ते कळलं की तुझा नंबर त्याला देईन.

भाची: सगळ्यात जास्त तूच दिलेस, मामा. लग्न परवा आहे.